माळ्यावर सापडलेली थ्री नॉट थ्री: खुणा वाचण्यापासून पुरवणी पंचनाम्यापर्यंत

३ डिसेंबर २०२२, शनिवार. गिरगावातल्या आमच्या शाळेच्या जुन्या इमारतीची दुरुस्ती सुरू होणार होती, म्हणून माळा रिकामा करायला घेतला होता. लेझीम, डंबेल्स, फाटके तंबू आणि मोडके ढोल यांच्या मागे गोणपाटात गुंडाळलेली एक रायफल निघाली. विश्वस्त मंडळाची कागदपत्रं मी सांभाळतो, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं. ते पूर्ण व्हायला साडेसात महिने लागले. असं काही सापडलं की माणूस आधी घाबरतो आणि मग घाईत चुका करतो, म्हणून सगळा क्रम लिहून ठेवतो आहे.

पहिली गोष्ट म्हणजे हात लावायचा नाही. बोल्ट, म्हणजे काडतूस आत सरकवणारा दांडा, मागे ओढून बघायचा नाही, चाप दाबून बघायचा नाही, आणि वस्तू टॅक्सीत घालून पोलीस ठाण्यात तर अजिबात न्यायची नाही. नळीत काडतूस आहे की नाही ते तुम्हाला माहीत नसतं, आणि विनापरवाना शस्त्र घेऊन रस्त्यावरून जाणं हा शस्त्र अधिनियम १९५९ खाली वेगळाच गुन्हा होऊ शकतो. आम्ही खोलीला कुलूप लावलं, ठाण्यात फोन केला आणि फोनची वेळ कागदावर लिहिली: दुपारी १२ वाजून ४० मिनिटं. तीन वाजता अंमलदार आले, दोन पंचांसमोर पंचनामा झाला आणि रायफल मुद्देमालात जमा झाली. स्टेशन डायरीचा नोंद क्रमांक त्याच वेळी मागून घ्या. पुढच्या प्रत्येक अर्जावर तो लागतो, आणि नंतर मागायला गेलं की ड्युटीवरचा माणूस बदललेला असतो.

सोमवारी, ५ तारखेला, संस्थेच्या लेटरहेडवर पत्र दिलं: वस्तू कुठे सापडली, कोणी पाहिली, संस्थेकडे शस्त्र परवाना नाही, काडतुसं सापडली नाहीत. सोबत विश्वस्तांचा ठराव जोडला. आवक शिक्का मारलेली प्रत हातात आल्यावरच तिथून निघालो.

खरी अडचण पंचनाम्यात होती. त्यात वर्णन होतं, ‘एक जुनी बंदूक, लाकडी दस्ता, इंग्रजी अक्षरे, सन १९१६, क्रमांक २७’. यातल्या १९१६ खेरीज कशावरही रायफल ओळखता येत नव्हती. २७ हा रायफलीचा क्रमांक नव्हताच. तो दस्त्यावर ठोकलेला रॅकचा आकडा होता, म्हणजे शस्त्र कुठल्या खाचेत उभं करायचं तो नंबर. मुद्देमालात वर्णन चुकलं की प्रयोगशाळेच्या पत्रात तेच उतरतं आणि मग कुठलाच कागद वस्तूशी जुळत नाही. विश्वस्तांपैकी दोघांना रात्री झोप येत नव्हती. चुकीच्या क्रमांकाचा अर्थ कोणी काय लावेल, ही त्यांची भीती अगदी रास्त होती.

म्हणून खुणांची नोंद करण्यासाठी पाहणीची परवानगी मागितली. अर्ज १२ डिसेंबरला दिला. नाताळ, नववर्ष आणि बंदोबस्त यांत महिना गेला. ११ जानेवारीला होकार आला आणि १८ जानेवारीला, बुधवारी, पोलिसांच्या आर्मररसमोर, म्हणजे शस्त्रांची देखभाल करणाऱ्या कारागिरासमोर, दोन तास मिळाले. अट एकच होती: रायफल हाताळणार आर्मरर, आम्ही फक्त पाहायचं, मापं घ्यायची आणि ठसे उतरवायचे. ही अट तुम्हीही आनंदाने मान्य करा.

साहित्य साधंच होतं. नागदेवी स्ट्रीटवरून प्लास्टिकचा व्हर्नियर घेतला, ३५० रुपये. प्लास्टिकचाच, कारण स्टीलच्या टोकाने नळीच्या तोंडाला ओरखडा जातो. झवेरी बाजारातून सोनारांचं दहापट मोठं दाखवणारं भिंग, २५० रुपये. बटर पेपर, ६बी पेन्सिल, मऊ टूथब्रश, टाल्कम पावडर, मोजपट्टी आणि टॉर्च हे सगळं मिळून २०० च्या आत. पॉलिशपेपर, तारेचा ब्रश किंवा गंज काढायचं द्रव यांतलं काही नेऊ नका. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा उथळ ठसा एकदा घासला गेला की कायमचा गेला. घरी सवयीने लावतात ते खोबरेल तेलही नको. ते सुकून चिकट थर होतो आणि अक्षरांच्या खाचा भरतात.

ठसा वाचताना टॉर्च समोरून मारला तर काहीच दिसत नाही. तो पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवा धरायचा, म्हणजे प्रत्येक खाचेची सावली पडते. रंगाच्या थराखाली दबलेल्या अक्षरावर पावडर बोटाने चोळून वरची फुंकून टाकली की पांढरी अक्षरं उभी राहतात. मग बटर पेपर घट्ट धरून पेन्सिल आडवी घासायची. फोटोपेक्षा हा छाप जास्त भरवशाचा, कारण फोटोत ३ आणि ८ सारखे दिसतात, छापात नाहीत. प्रत्येक छापावर जागा आणि बाजू तिथल्या तिथे लिहा. घरी येऊन ‘हा कुठला होता’ असं आठवत बसलात की अर्धं काम वाया जातं.

आता मुख्य खुणा. ली-एनफिल्ड, म्हणजे ब्रिटिश फौजेची थ्री नॉट थ्री. या घराण्याच्या रायफलीत सगळ्यात बोलकी जागा म्हणजे दस्ता जिथे लोखंडाला मिळतो तो बट सॉकेट. त्याच्या उजव्या अंगाला, बोल्टच्या मुठीखाली, वरून खाली असं वाचायचं. आमच्या रायफलीवर सगळ्यात वर मुकुट होता, खाली ‘जी.आर.’, मग ‘बी.एस.ए. कं.’, १९१६, ‘एस.एच.टी.एल.ई.’ आणि शेवटी रोमन तीन. ‘जी.आर.’ म्हणजे जॉर्जियस रेक्स, राजा पाचवा जॉर्ज. बी.एस.ए. म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. आपल्याकडे जुन्या लोकांना हे नाव मोटरसायकलींमुळे माहीत असतं, पण त्या कंपनीचा मूळ धंदा शस्त्रांचाच. ‘एस.एच.टी.एल.ई.’ हे शॉर्ट ली-एनफिल्डचं लघुरूप. रोमन तीन म्हणजे मार्क तीन, त्या नमुन्याची तिसरी आवृत्ती. कंपनीच्या नावाच्या जागी एनफिल्ड, एल.एस.ए. (लंडन स्मॉल आर्म्स) किंवा ऑस्ट्रेलियाच्या कारखान्याचं लिथगो असं नावही असू शकतं.

भारतात सापडणाऱ्या रायफलींवर ईशापूरची खूण फार दिसते. बंगालमधल्या या रायफल फॅक्टरीच्या मालावर स्वातंत्र्यापूर्वी ‘जी.आर.आय.’ असतं. शेवटचा आय इंपरेटरचा, म्हणजे भारताचा सम्राट. प्रजासत्ताकानंतरच्या मालावर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह येतात. नुसत्या या एका चिन्हावरून काळ साधारण ठरतो. नावाच्या पद्धतीवरूनही ठरतो: १९२६ मध्ये ब्रिटिशांनी नावं बदलली, आणि ‘एस.एच.टी.एल.ई. तीन’ ऐवजी ‘नंबर १ मार्क तीन’ असं लिहायला सुरुवात झाली. तुमच्या सॉकेटवर ‘नंबर १’ असेल तर ते ठोकणं १९२६ नंतरचं.

रोमन तीनच्या पुढे एक ठिपका होता, तो मला आधी गंज वाटला. भिंगाखाली तारा निघाला. हा तारा महत्त्वाचा आहे. १९०७ च्या मार्क तीनमध्ये एकेक गोळी भरून झाडता यावी म्हणून मॅगझिन (काडतुसांची पेटी) झाकणारी कट-ऑफ पट्टी होती, आणि डाव्या बाजूला फार लांबच्या नेमाची तबकडी होती. युद्धात उत्पादन वाढवायचं म्हणून १९१६ पासून या गोष्टी वगळायला परवानगी मिळाली, तो तारांकित मार्क तीन. खूण नुसती वाचून थांबू नका, वस्तूशी ताडून बघा. आमच्या रायफलीला कट-ऑफ नव्हती आणि डावीकडे तबकडीही नव्हती. म्हणजे तारा खरा. तारा आहे आणि तबकडीही आहे, असं दिसलं तर लाकूड दुसऱ्या रायफलीचं असण्याची शक्यता धरा.

यानंतर क्रमांक. तो बोल्टच्या पुढे, नळी जिथे स्क्रूने बसते त्या कड्याच्या उजव्या बाजूला असतो. तोच क्रमांक नळीवर, बोल्टच्या मुठीच्या मागच्या बाजूला, नेम धरायच्या मागच्या साइटच्या पट्टीखाली आणि नळीच्या टोकाकडच्या नोजकॅपवर पुन्हा ठोकलेला असावा लागतो. क्रमांकाआधीचं अक्षर कधीही सोडू नका. कारखाने ९९९९ झाले की अक्षर जोडून पुन्हा एकपासून मोजायचे, त्यामुळे नुसत्या चार आकड्यांच्या कितीतरी रायफली जगात आहेत. कारखाना, वर्ष, अक्षर आणि आकडा ही चारही मिळून एक ओळख होते.

आमच्याकडे कडं आणि नळी यांचा क्रमांक जुळला, बोल्टचा जुळला नाही. हे नुसतं संग्राहकांचं कौतुक नाही. या रायफलीत बोल्ट त्या त्या शस्त्राला हाताने घासून बसवलेला असतो. दुसऱ्याचा बोल्ट घातला की काडतुसाच्या मागे सुटणारी जागा चुकू शकते, आणि मग काडतुसाचं कवच फुटून झाडणाऱ्याच्या तोंडावर गॅस येतो. आर्मररनी पहिल्या पाच मिनिटांत हीच गोष्ट बोलून दाखवली.

नळीचा आणि कड्याचा क्रमांक एक असला तरी नळी जुनी होती असं नाही. नळीच्या बुडाच्या जाड भागावर डाव्या बाजूला तिची स्वतःची तारीख असते. आमच्या नळीवर ४४ होतं. म्हणजे १९१६ च्या रायफलीला १९४४ ची नळी बसवून, तिच्यावर जुना क्रमांक नव्याने ठोकला होता. नळी झिजते, कडं टिकतं. तिथेच बारीक अक्षरांत ‘एच.व्ही.’ आणि ‘एस.सी.’ होतं. हे कोणाचं नाव नव्हे. हाय व्हेलॉसिटी आणि शॉर्ट कोन, म्हणजे मार्क सात काडतुसासाठी नेम आणि काडतुसाच्या लगेच पुढचा नळीचा निमुळता भाग बेतलेला आहे. आडव्या झेंड्यांसारखी फुली आणि वर मुकुट ही दाबचाचणीची खूण. चिमुकला मुकुट, आकडा आणि अक्षर असे जे शिक्के सगळीकडे विखुरलेले असतात ते तपासनीसांचे. त्यांवरून कारखाना ठरवायला जाऊ नका. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

लाकडात मॅगझिनच्या थोडं पुढे आडवा स्क्रू आरपार गेलेला दिसला. तो बर्मिंगहॅमचा नाही. लाकूड फाटू नये म्हणून ईशापूरला हा स्क्रू घालायचे. म्हणजे ही रायफल कधीतरी त्या कारखान्याच्या हाताखालून गेली. धातूवर बाणाचं चिन्ह होतं, आणि बाणाखाली आय. नुसता रुंद बाण म्हणजे ब्रिटिश सरकारची मालमत्ता, बाणाखाली आय म्हणजे भारत सरकारची. दोन बाण टोकाला टोक लावून असते, तर ब्रिटिश सरकारने सेवेतून काढून विकल्याची ती खूण झाली असती. भिंग घेऊन शोधलं, तसं काही मिळालं नाही.

मापं शेवटी घेतली, पण कायद्याच्या दृष्टीने तीच आधी लागतात. एकूण लांबी सुमारे ११३० मिमी, नळीच्या तोंडाचा आतला व्यास ७.७ मिमी. आत टॉर्च मारून गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा मोजल्या: पाच, डावीकडे वळणाऱ्या. म्हणजे .३०३ इंचाचीच, थ्री नॉट थ्री. हे मोजणं टाळू नका, कारण बाहेरून हुबेहूब अशीच दिसणारी आणखी दोन शस्त्रं भारतात आहेत. एक म्हणजे ईशापूरने पोलिसांसाठी केलेली .४१० ची मस्केट. तिच्या नळीत खाचा नसतात, व्यास १०.४ मिमीच्या आसपास असतो आणि मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा असतो. दुसरी साठच्या दशकातली ७.६२ मिमीची, ‘२ए’ किंवा ‘२ए१’ लिहिलेली, चौकोनी मॅगझिनची. .३०३ चं मॅगझिन पुढे तिरकं उतरतं, हिचं सरळ असतं. शस्त्र नियमांच्या वर्गवारीत या तिन्ही गोष्टी सामान्य परवान्याच्या बाहेरच्या गटात येतात. ‘मस्केट आहे, म्हणजे साधी बारा बोअरसारखी’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. त्या गटाचे अधिकार केंद्रीय गृह मंत्रालयाकडे आहेत.

दीड तास झाला तरी सगळ्यात मोठी खूण दिसली नव्हती. कड्यावर काळ्या रंगाचा जाड थर होता. आर्मररनी तो न खरवडता टॉर्च आडवा धरला, मी पावडर लावली, आणि दोन मोठी अक्षरं वर आली: ‘डी.पी.’. ड्रिल पर्पज, म्हणजे फक्त कवायतीसाठी. दस्त्यावरचा मळकट पांढरा पट्टा म्हणजे त्याच गोष्टीची रंगातली खूण होती. बोल्ट काढल्यावर फायरिंग पिनचं, म्हणजे काडतुसावर आघात करणाऱ्या सुईचं, टोक घासून टाकलेलं दिसलं, आणि नळीच्या काडतूस बसतं त्या भागात आरपार भोक होतं.

त्या क्षणी जीव भांड्यात पडला. शाळेच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये १९५१ च्या पानावर शाईने लिहिलं होतं, ‘कवायतीची रायफल, नग १’. हे पान आम्ही डिसेंबरमध्येच शोधलं होतं, पण ते याच रायफलीबद्दल आहे असं म्हणायला आधार नव्हता. आता लोखंडावर आणि कागदावर एकच गोष्ट लिहिलेली होती. त्या पानाची साक्षांकित प्रत अर्जाला जोडली. शाळा, व्यायामशाळा किंवा मंडळ असेल तर जुनी डेड स्टॉक रजिस्टरं रद्दीत देण्याआधी जरूर चाळा.

तरी डी.पी. म्हणजे निरुपद्रवी, असं गृहीत धरू नका. काही रायफलींवर ही अक्षरं फक्त ठोकली गेली, भोक पाडलंच नाही. कड्याला तडा गेला, झीज मर्यादेबाहेर गेली, तरी डी.पी. करत. अशी रायफल काडतूस झाडू शकते, आणि धड रायफलीपेक्षा जास्त धोकादायक ठरते.

२५ जानेवारीला आम्ही खुणांचा तक्ता दिला: जागा, बाजू, अक्षरं जशीच्या तशी, आणि छापाचा क्रमांक. अर्थ वेगळ्या पानावर लिहिला. हे दोन कधीही एकत्र करू नका. अक्षरं हा पुरावा आहे, अर्थ हे आपलं मत. फेब्रुवारीत पुरवणी पंचनामा झाला. त्यात ‘क्रमांक २७’ च्या जागी ‘दस्त्यावरील रॅक क्रमांक २७’ आणि खरा क्रमांक अक्षरासह आला. मग रायफल तपासणीसाठी प्रयोगशाळेत गेली. अहवाल २२ जूनला मिळाला. मधल्या चार महिन्यांत करण्यासारखं काही नव्हतं. दर पंधरा दिवसांनी जावक क्रमांक सांगून चौकशी करायची, एवढंच.

या काळात एका विश्वस्तांचा मुद्दा होता की शंभर वर्षं झाली, म्हणजे ही पुरातन वस्तू, शाळेत काचेच्या कपाटात ठेवता येईल. शंभर वर्षांची मर्यादा १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातली आहे. तिच्यामुळे शस्त्र कायदा आपोआप गळून पडत नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये जुन्या बनावटीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त शस्त्राला सूट आहे, पण ते दुरुस्त करून किंवा न करता अग्निशस्त्र म्हणून वापरता येत नसेल तरच. सगळा भर ‘दुरुस्त करून’ या शब्दांवर आहे. आमच्या रायफलीची नळी १९४४ मध्ये एकदा बदललेली होतीच, बोल्टही दुसऱ्याचा होता. जी वस्तू दोनदा सुटे भाग घालून चालती झाली, ती तिसऱ्यांदा होणार नाही असं कोण म्हणेल? अहवालातही हेच होतं: सध्याच्या अवस्थेत झाडता येत नाही, मात्र नळी व पिन बदलल्यास येऊ शकेल. सूट मिळणार नव्हती. सेवेतून विकल्याची खूण नव्हती, खरेदीची पावतीही नव्हती. संस्थेचा दावा नाही आणि शस्त्र सरकारजमा व्हावं, असा ठराव ८ जुलैला करून दिला. वाईट वाटलं. पण कागद स्वच्छ झाले. १७ जुलैला अंतिम पोच मिळाली.

एकूण खर्च सुमारे २,१०० रुपये आला: साहित्य ८००, नोटरी आणि साक्षांकन ६००, झेरॉक्स आणि फोटो ४००, बाकी येण्याजाण्याचे. वकील लागला नाही. कोणी हक्क सांगत असेल किंवा काडतुसं सापडली असतील तर मात्र पहिल्याच दिवशी वकील गाठा.

बटर पेपरचे अकरा छाप शाळेच्या फाइलमध्ये आहेत. पेन्सिल पुसली जाऊ नये म्हणून त्यांच्यामध्ये कोरे कागद घातले आहेत, आणि मुंबईच्या दमट हवेसाठी सिलिका जेलच्या दोन पुड्या. त्या पुड्या पावसाळ्यानंतर बदलायच्या, असं फाइलच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलं आहे.